कन्नूर ते कोची, मिरीच्या मागावर

शुक्रवार, गाडीत

नेत्रावती रत्नागिरीला संध्याकाळी आली तेव्हा मंद्या पनवेलपासून खिडकी धरून बसलेलाच होता. मंद्या न्हावाशेव्याला क्लिअरिंगचं काम करतो, म्हणजे आयुष्य कंटेनर, शिक्के आणि "साहेब जेवायला गेलेत" ह्यात गेलेलं. त्यामुळे मी त्याला सांगितलं की आपण मलबार किनाऱ्यावर पोर्तुगीज-डच कुठे कुठे उतरले ते बघायला चाललोय, तर त्याचा पहिला प्रश्न, "म्हणजे जुन्या काळातलं पोर्टच ना सगळं? चल मग." बायकोला बरोबर येणार का विचारलं होतं, ती म्हणाली तुम्ही दोघं किल्ल्याच्या एकेका दगडापाशी अर्धा अर्धा तास उभे राहणार, मला नको. बरोबरच आहे तिचं.

मडगावनंतर झोपलो. कारवार कधी गेलं कळलंच नाही.

शनिवार, कन्नूर

सकाळी उतरलो, हॉटेलवर पिशव्या टाकल्या, पुट्टू आणि कडला करी खाल्ली आणि थेट सेंट अँजेलो किल्ला. 1505 ला फ्रान्सिस्को द आल्मेदा, म्हणजे पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय, त्याने बांधायला घेतला. आम्हा कोकणातल्या माणसांना आत शिरल्या शिरल्या पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे जांभा! सगळा किल्ला जांभ्याचा, तोच तांबडा भोकाभोकांचा चिरा, समुद्राकडच्या बाजूला खारं वारं लागून काळपट पडलेला. तोफा समुद्राकडे तोंड करून आहेत, खाली मोपला बे आणि मासेमारीच्या होड्या, आणि बागेत जोडप्यांची गर्दी.

आता ह्या किल्ल्याची खरी गोष्ट. पोर्तुगीज यायच्या आधी ह्या समुद्रात कुणाला कुणाची परवानगी लागत नव्हती. म्हणजे बंदरात शिरलात की तिथल्या राजाला जकात द्यायची, ते होतंच, आणि चाचेही होते, पण मधला मोकळा दर्या कुणाच्या बापाचा नव्हता. अरब, गुजराती, मलबारी, चुलिया म्हणजे तमिळ मुसलमान व्यापारी, पूर्वी चिनीसुद्धा, वारा फिरला की यायचे आणि वारा फिरला की जायचे. पोर्तुगीजांनी येऊन काय केलं तर सांगितलं की समुद्र आमचा, ज्याला जायचंय त्याने आमच्याकडून कार्ताझ घ्यायचा. कार्ताझ म्हणजे परवान्याचा कागद. त्यात जहाज कुठलं, तांडेल कोण, हत्यारं किती, कुठून कुठे चाललंय सगळं लिहिलेलं, मिरीसारखा माल न्यायचा नाही, वाटेत आमच्या बंदरात थांबून जकात भरायची. कागदाची फी किरकोळच होती, खरी कमाई त्या जकातीत. कागद नसला तर जहाज जप्त नाहीतर बुडवायचं. म्हणजे हजार वर्षं चालत आलेल्या रस्त्यावर कुणीतरी बाहेरून येऊन टोलनाका टाकावा, आणि रस्ता मात्र त्याने बांधलेला नाही, तसला प्रकार.

मंद्याला हे ऐकून जाम मजा वाटली. "कागद असून पण अडवत असतील रे," म्हणाला. अनुभवाचे बोल! आणि कन्नूरला अगदी तेच झालं. इथूनच दिलेला कार्ताझ असलेलं एक जहाज गोंसालो वाझ नावाच्या पोर्तुगीज कप्तानाने समुद्रात अडवलं, म्हणाला परवाना खोटा आहे, आणि खलाशांना शिडाच्या कापडात गुंडाळून, शिवून, समुद्रात टाकून दिलं. प्रेतं वाहत किनाऱ्याला लागली. त्यात मम्माली नावाच्या इथल्या बड्या व्यापाऱ्याचा पुतण्या निघाला. मग कोलत्तिरी राजा उठला, कालिकतच्या सामुतिरीने, म्हणजे तिथल्या राजाने (पुस्तकातला झामोरीन), मदत पाठवली आणि 1507 मध्ये किल्ल्याला चार महिने वेढा पडला. आतल्या लोकांची उपासमार झाली आणि पोर्तुगीज बखरकार लिहितात की ऐन ऑगस्टात समुद्राने शेवंडांचे ढीगच्या ढीग किनाऱ्यावर आणून टाकले, त्यावर ते तगले, आणि नंतर त्रिस्ताव द कुन्याचं आरमार पोचलं. शेवंड खाऊन वेढा काढला! मंद्या म्हणे असला वेढा मला रोज चालेल.

पुढे किल्ला डचांकडे गेला, डचांनी 1772 ला चक्क विकून टाकला, आणि विकत घेणारं घराणं कुठलं तर इथलंच अरक्कल, केरळातलं एकमेव मुसलमान राजघराणं. ह्यांच्यात गादी मातृवंशाने, वडीलधारी व्यक्ती बाई असली तर बीवी, पुरुष असला तर अली राजा. संध्याकाळी त्यांचं म्युझियम बघितलं, साधंसं आहे, जुन्या पेट्या, पत्रं, लाकडी काम, पण लक्षद्वीपवर राज्य केलेलं घर आहे हे. आणि 1790 ला इंग्रजांनी हाच किल्ला घेतला, ते मात्र न विकत घेता.

रविवार, इरिंगल आणि काप्पाड

सकाळी पॅसेंजर पकडून वडकरा. वाटेत तलश्शेरी लागतं, तिथे इंग्रजांचा 1708 चा किल्ला, आणि थोडं पुढे माहे, ते फ्रेंचांचं, 1954 पर्यंत! पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच सगळे पॅसेंजर गाडीच्या तास-दीड तासात. इतक्या चिंचोळ्या पट्टीत एवढी गर्दी कशासाठी, तर मागच्या डोंगरातल्या एका वेलीसाठी. माहेला अर्धा डबा उतरला, तिथली दारू स्वस्त, कारण माहे अजून पुदुच्चेरीत मोडतं.

वडकऱ्याहून रिक्षाने इरिंगल-कोट्टक्कल. इथे कुंजाली मरक्कारचं घर आहे, आता छोटं म्युझियम केलंय. कौलारू घर, जाड भिंती, बुटकी दारं, आत तलवारी आणि तोफगोळे, आणि आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघं आणि एक कुटुंब एवढेच होतो. मला विचाराल तर ह्या अख्ख्या ट्रिपमध्ये वेळ फक्त एकाच ठिकाणी घालवायचा असेल तर इथे घालवा, कोचीच्या कॅफेत नको.

कुंजाली मरक्कार म्हणजे कालिकतच्या सामुतिरीचे आरमारप्रमुख, एकापाठोपाठ एक चौघे. हलक्या, वल्ह्यांच्या होड्या घेऊन नदीच्या मुखात दडायचं आणि पोर्तुगीजांचं जड जहाज वाऱ्याविना अडकलं की तुटून पडायचं. खाडीकाठी जाऊन उभं राहिलं की लगेच कळतं, पाणी उथळ, वाळूचे दांडे, वळणं, मोठं जहाज आत येऊच शकत नाही. आपल्याकडे जयगड-विजयदुर्गच्या खाड्या बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण शेवट वाईट झाला. चौथा कुंजाली फार मोठा झाला, स्वतःला समुद्राचा राजा म्हणवून घ्यायला लागला, सामुतिरीच्या हत्तीचं शेपूट कापलं म्हणतात, आणि सामुतिरीचं डोकं फिरलं. शंभर वर्षं ज्यांच्याशी लढला त्याच पोर्तुगीजांशी त्याने हातमिळवणी केली. 1599 चा हल्ला फसला, त्याचा सेनापती होता लुईस द गामा, वास्कोचा पणतू. 1600 मध्ये परत वेढा पडला, जमिनीवरून सामुतिरी आणि समुद्रातून पोर्तुगीज. कुंजाली जिवाच्या हमीवर सामुतिरीच्या स्वाधीन झाला, आणि तिथल्या तिथे पोर्तुगीजांनी त्याला ओढून नेला. गोव्यात त्याचं डोकं उडवलं, शरीराचे तुकडे पणजी आणि बार्देशच्या किनाऱ्यावर टांगले, आणि मुंडकं मिठात घालून कन्नूरला पाठवलं, लोकांनी बघावं म्हणून. म्हणजे कालच आपण ज्या किल्ल्यावर फोटो काढत होतो त्या कन्नूरला.

मुंबईत कुलाब्याला नौदलाचं तळ आहे ना, आयएनएस कुंजाली, ते नाव ह्यांचंच. मंद्या इतकी वर्षं त्या गेटवरून गेलाय, त्याला ते कुणा अधिकाऱ्याचं नाव वाटायचं.

दुपारी काप्पाडला. 20 मे 1498 ला वास्को द गामाची जहाजं इथे समोर नांगरली. बीचच्या रस्त्यालगत एक खांब आहे, त्यावर गामा इथे उतरला असं इंग्रजीत लिहिलंय, एवढंच. लोक खांब बघून "हे एवढंच?" म्हणून पुढे आइस्क्रीम खायला जातात, आम्ही पण गेलो. पण त्या पहिल्या भेटीची हकिगत त्यांच्याच जहाजावरच्या एकाने लिहून ठेवलीये आणि ती वाचताना हसून मुरकुंडी वळते. गामा स्वतः आधी उतरलाच नाही, शिक्षा झालेला एक कैदी पुढे पाठवला, काही झालं तर त्याचं होईल म्हणून. त्याला किनाऱ्यावर भेटले कोण, तर ट्यूनिसचे दोन मुसलमान व्यापारी, स्पॅनिश बोलणारे! ते म्हणाले सैतान घेऊन जावो तुला, इथे कशाला कडमडलास? तर हा म्हणतो, ख्रिश्चन आणि मसाले शोधायला. म्हणजे ह्यांनी "शोधलेल्या" देशात ह्यांची भाषा जाणणारे आधीच हजर, माल भरून तयार.

मग कालिकतच्या वाटेवर एका देवळाला हे लोक चर्च समजले आणि देवीपुढे गुडघे टेकले. भिंतीवरच्या चित्रांतल्या "संतांना" चार-चार हात आणि बाहेर आलेले दात बघून एकाला शंका आली, तो म्हणाला हा सैतान असेल तर माझी प्रार्थना खऱ्या देवाला पोचो. आणि राजासाठी नजराणा काय आणलेला? पट्ट्यापट्ट्यांचं कापड बारा नग, किरमिजी टोपरी चार, टोप्या सहा, पोवळ्याच्या माळा चार, हात धुवायची भांडी सहा, साखरेची एक पेटी, तेलाचे दोन आणि मधाचे दोन बुधले. सामुतिरीच्या माणसांनी बघून हसूनच टाकलं, म्हणाले मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा ह्याच्यापेक्षा जास्त देतो, सोनं आणा.

मला वाटतं पुढचं सगळं ह्यातच आहे. ज्या बाजारात जगातला उत्तम माल आधीच येतोय तिथे विकण्यासारखं ह्यांच्याकडे काही नव्हतं, तोफा सोडून. मग 1500 ला काब्राल हा पोर्तुगीज कप्तान आला, कालिकतमध्ये त्याच्या वखारीवर हल्ला होऊन माणसं मारली गेली, त्याने शहरावर तोफा डागल्या. 1502 ला गामा परत आला तो मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळून. पाठ्यपुस्तकात "सागरी मार्गाचा शोध" एवढं एक वाक्य असतं, जहाजाचं नाव मीरी होतं हे कुणी सांगत नाही.

सोमवार, कोझिकोड

कालिकत म्हणजेच कोझिकोड. गरम व्हायच्या आत कुट्टिचिरा गाठलं. मोठा चौकोनी तलाव, काठावर म्हातारे गप्पा मारत बसलेले, आणि बाजूला मिश्काल मशीद. लांबून बघितलं तर मशीद वाटतच नाही, मिनार नाही, घुमट नाही, एकावर एक उतरती कौलारू छपरं, लाकडी झरोके, थेट केरळी देवळाच्या घाटणीची, फिकट निळा-हिरवा रंग. नाखुदा मिश्काल नावाच्या जहाजमालकाने चौदाव्या शतकात बांधली. आम्ही बाहेरूनच बघितली, आत प्रार्थना चालू होती. काठावरच्या एका आजोबांनी हिंदीत विचारलं कुठून आलात, महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाले, वर बघा, वरचा मजला पोर्तुगीजांनी जाळला होता. पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगण्याची पद्धत अशी की मागच्या महिन्यात नगरपालिकेने काहीतरी पाडलं.

ती तारीख जानेवारी 1510. अल्फोन्सो द अल्बुकर्क आणि मार्शल कुतिन्यु कालिकतवर चालून आले, मशिदीला आग लावली, सामुतिरीच्या वाड्यात लूट करायला घुसले आणि तिथे सामुतिरीच्या नायर सैनिकांनी घेरून मार्शलला ठार केलं, अल्बुकर्क जखमी होऊन कसाबसा जहाजावर पोचला. मशीद परत उभी करायला हिंदू राजानेच मदत केली. आणि त्याच वर्षी हाच अल्बुकर्क, कालिकत जमलं नाही म्हटल्यावर, गोव्यावर गेला, नोव्हेंबरात गोवा घेतलं आणि ते पुढे 1961 पर्यंत राहिलं. कालिकत पडलं असतं तर कदाचित पोर्तुगीज हिंदुस्थानची राजधानी इथेच असती, हा आपला माझा अंदाज.

दुपार सगळी खाण्यात. बिर्याणी, सुलेमानी चहा, मिठाई तेरुवूत हलव्याचे रंगीत ठोकळे. बीचजवळच्या गुजराती स्ट्रीटला एक चक्कर मारली, जुन्या वखारी, काही पडायला आलेल्या, काहींचे कॅफे झालेत. संध्याकाळच्या गाडीने एर्नाकुलम. हॉटेलवाल्याने आमचं बुकिंगच नाही म्हणून रात्री अकरा वाजता तासभर झुलवलं, ते जाऊदे.

मंगळवार, फोर्ट कोची

वॉटर मेट्रोने फोर्ट कोची, मस्त एसी बोट, तिकीट स्वस्त. उतरल्यावर चिनी जाळी. सगळे सूर्यास्ताला जातात, आम्ही भर सकाळी गेलो आणि ते बरं झालं कारण काम चालू होतं. लांबलचक सागवानी वासे, त्याला मोठं जाळं, आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले धोंडे, उतरत्या आकाराचे. चार-सहा माणसं दोर ओढतात, वासा उचलला जातो, एकेक धोंडा लाकडावर टेकत जातो आणि जाळं पाण्याबाहेर. आम्हाला पण ओढायला लावलं आणि नंतर पैसे मागितले, दिले. जाळ्यात आलं काय, तर मूठभर बारीक मासळी आणि भरपूर जलपर्णी.

सेंट फ्रान्सिस चर्च तिथून पाच मिनिटांवर. 1503 च्या सुमाराला आधी लाकडी, मग पक्कं बांधलेलं. कालिकतशी भांडण म्हणून कोचीच्या राजाने पोर्तुगीजांना जवळ केलं, किल्ला बांधू दिला, मिरीचा भाव ठरवून दिला. तो भाव पुढे वर्षानुवर्षं तिथेच खिळला, मग शेतकरी काय करणार, मिरी बैलांवर लादून घाटापलीकडे नाहीतर रातोरात मरक्कारांच्या होड्यांत. मक्तेदारी कागदावर, मिरी भलतीकडेच. मंद्या एवढंच म्हणाला, "हमीभाव पाडला की माल पळतोच."

वास्को द गामा तिसऱ्यांदा आला तो व्हाइसरॉय म्हणून आणि 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत मेला. ह्याच चर्चमध्ये पुरला, पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या. उजव्या हाताला फरशीत कठडा घातलेली ती रिकामी जागा आहे आणि लोक रांगेने रिकाम्या जागेचे फोटो काढतात. मला जास्त आवडले ते वरून टांगलेले कापडी पंखे, त्यांच्या दोऱ्या भिंतीतल्या भोकांतून बाहेर गेलेल्या, म्हणजे पंखा ओढणारा माणूस बाहेर उन्हात आणि वारा आत. चर्च आधी फ्रान्सिस्कनांचं, 1663 ला डचांनी कोची घेतल्यावर प्रोटेस्टंट, मग इंग्रजांचं, आता चर्च ऑफ साउथ इंडियाचं. भिंतीत एका बाजूला पोर्तुगीजांचे थडग्यांचे दगड आणि एका बाजूला डचांचे, उभे करून लावलेत.

एक गोष्ट इथे उभं राहून डोक्यात आली. 1661 ला पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली हे आपण शाळेपासून ऐकतो, राजकन्या कॅथरीन, दुसरा चार्ल्स वगैरे. पण ते आंदण उगाच नव्हतं, डच एकेक बंदर गिळत होते आणि इंग्रजांनी मदतीला यावं हा त्यातला खरा सौदा होता. मदत काही आली नाही, जानेवारी 1663 ला कोची गेलंच. मुंबई तेवढी इंग्रजांच्या पदरात.

बुधवार, मट्टनचेरी

डच पॅलेस हे नावच फसवं, बांधला पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमाराला, कोचीच्या राजाला भेट म्हणून, त्यांच्याच माणसांनी देऊळ लुटलं त्याची भरपाई म्हणे. डचांनी फक्त डागडुजी केली. आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत, त्यांच्यासाठी मान मोडेस्तोवर वर-खाली बघा. सिनेगॉग 1568 चं, खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या. त्या आणवल्या एझेकिएल राहाबीने, डच कंपनीचा इथला मोठा ज्यू व्यापारी. 1662 ला पोर्तुगीजांनी ह्या सिनेगॉगची नासधूस केली, डच आल्यावर दुरुस्त झालं.

ज्यू टाउनच्या मागे एका गोदामाच्या अंगणात बायका सुंठ चाळत होत्या. मोठ्ठ्या चाळण्या, पांढरी धूळ, नाकातोंडात झणझण. शेजारी मिरीची पोती. मुकादमाने मूठभर मिरी मंद्याच्या हातावर दिली, म्हणाला चावून नको, दाबून बघ, पोकळ दाणा लगेच फुटतो. मंद्या पंधरा मिनिटं दाणे दाबत बसला आणि त्या मुकादमाशी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांवर अशी चर्चा रंगली की मी बाहेर चहा पिऊन आलो.

दुपारी चेरलाई. हा भाग कोकणी लोकांचा, सोळाव्या शतकात गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून निघालेली सारस्वत घरं, तिरुमला देवस्वमचं मोठं देऊळ, भोवती दुकानं. पापडाच्या दुकानात आजींनी विचारलं "तुम्मी खंयचे?" आणि मग माझी कोकणातली बोली आणि त्यांची कोकणी असं अर्धं समजत अर्धं हसत चाललं. ह्यांच्याच पूर्वजांपैकी तिघं, रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट, डच गव्हर्नर व्हान रीडच्या कामाला होते. त्याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करून घेतला, होर्तुस मलबारिकुस, 12 खंड, 1678 ते 1693, ॲमस्टरडॅमला छापला. त्यात 742 झाडं, माहिती मुख्यतः इट्टी अच्युतन ह्या वैद्याची आणि ह्या तिघांची. चित्रांवर झाडांची नावं नागरीतही कोरलेली आहेत, आणि 1675 चं ह्या तिघांचं कोकणीतलं प्रमाणपत्र जसंच्या तसं छापलंय. विचार करा, शिवरायांच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झालंय आणि नागरी अक्षरं ॲमस्टरडॅमच्या वाटेला लागलीयेत. व्हान रीड पुढे 1691 ला मुंबईजवळ समुद्रात जहाजावरच वारला, कबर सुरतेला आहे, मोठी घुमटाची.

परतीच्या बोटीत मंद्याने विचारलं की मग ह्या कार्ताझला कुणी तोडीस तोड जवाब दिलाच नाही का. दिला की! आपल्याच कान्होजी आंग्र्यांनी. त्यांनी स्वतःचं दस्तक काढलं, म्हणाले कोकणच्या समुद्रातून जायचं तर आता तुम्ही आमचा कागद घ्या. इंग्रजांनी नाही म्हटलं, त्यांची जहाजं धरली, आणि इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. तोच कागद, फक्त सही करणारा बदलला की चाचा. मंद्या म्हणाला हे आमच्या ऑफिसात फ्रेम करून लावतो.

कोलाचेल राहिलं. तिथे 1741 ला त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने डचांना हरवलं, त्यांचा कप्तान द लानोय पकडला आणि त्यालाच आपल्या फौजेची कवायत घ्यायला ठेवला. त्याची कबर उदयगिरीच्या किल्ल्यात आहे, नागरकोइलहून जवळ. मंद्याने बोटीतच फोन काढून मार्चची तिकिटं बघितली, वेटिंग छप्पन्न. काढून ठेवलीत.